जमीन चांगली, पण कशासाठी?

शेतजमीन विकत घ्यायची झाली की चौकशीचे मुद्दे ठरलेले असतात. सातबारा कोरा आहे का, शेतापर्यंत वाट आहे का, विहिरीला मे महिन्यात पाणी राहते का आणि एकरी भाव काय चालला आहे? मातीबद्दलची चौकशी मात्र बहुधा एका वाक्यात संपते. ‘काळी जमीन आहे, चांगली आहे.’ त्या काळ्या थराखाली मुरूम किती खोलीवर लागतो, पाणी खाली उतरते की साचून राहते, मातीत चुनखडी किती, हे फार थोडे जण विचारतात. फळबाग लावताना हीच उणीव महागात पडते. कलमे, ठिबक, खड्डे आणि मजुरी यांवर कर्ज काढून खर्च होतो. पहिली काही वर्षे झाडे जोमाने वाढतात. मुळे खालच्या थरापर्यंत पोहोचली की पाने पिवळी पडू लागतात आणि ऐन फळावर आलेली बाग वाळायला लागते. तोवर पाच-सहा वर्षे गेलेली असतात.

अशा वेळी रोग, पाणी किंवा रोपवाटिका यांना दोष दिला जातो. कधी तो खराही असतो. पण अनेकदा मूळ चूक लागवडीच्या आधीची असते. जमीन वाईट नव्हती, ती त्या पिकासाठी नव्हती. जमिनीचे मूल्यमापन आणि वर्गीकरण हे शास्त्र याच एका प्रश्नाभोवती उभे आहे. जमीन चांगली की वाईट, असे ते विचारत नाही. कशासाठी चांगली, कोणत्या उणिवेसह चांगली आणि ती उणीव दूर करता येण्याजोगी आहे का, असे ते विचारते.

सातबारा काय सांगत नाही

सातबाऱ्यावर ‘वर्ग’ हा शब्द दिसतो, त्यामुळे अनेकांचा गैरसमज होतो. भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ यांचा मातीच्या प्रतीशी काही संबंध नाही. जमीन विकण्याचा, हस्तांतराचा हक्क किती मोकळा आहे आणि त्यावर शासनाच्या काय अटी आहेत, एवढेच त्यातून कळते. वर्ग १ची जमीन निव्वळ खडकाळ असू शकते आणि वर्ग २ची उत्तम काळी.

‘जिरायत’ आणि ‘बागायत’ या नोंदी पाण्याच्या सोयीबद्दल आहेत. ‘पोटखराबा’ म्हणजे त्याच गटातला, मोजणीच्या वेळी लागवडीला अयोग्य ठरवलेला किंवा रस्ता, ओढा अशा कारणासाठी आकारणीतून वगळलेला भाग. मातीच्या प्रतीची खूण सातबाऱ्यावर एकाच ठिकाणी सापडते, ती म्हणजे ‘आकार’. रुपये-पैशांतला हा किरकोळ वाटणारा आकडा म्हणजे जमिनीचा सारा. तो ठरवताना कोणे एके काळी कोणीतरी त्या शेतात खरोखर खड्डे खणून पाहिले होते.

आण्यांत मोजलेली माती

जमिनीच्या प्रतीप्रमाणे सारा लावण्याची पद्धत आपल्याकडे इंग्रजांच्या आधीची आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने आणि पुढे शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या जमीनधाऱ्याच्या व्यवस्था प्रसिद्ध आहेत. अव्वल, दूम, सीम अशा प्रती जुन्या दप्तरांतून भेटतात.

पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी पुणे भागात नवी पाहणी सुरू केली. १८२७-२८च्या सुमारास आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढून, त्यातून लागवडीचा खर्च वजा करून, उरलेल्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवण्याचा घाट घातला. कागदावर ही रीत चोख होती. प्रत्यक्षात अंदाज चुकले, सारा डोईजड झाला, थकबाकी वाढली आणि लोकांनी जमिनी सोडल्या. जमिनीचे मूल्यमापन चुकले तर काय होते, याचा हा आपल्याच मातीतला धडा आहे.

त्यानंतर १८३५पासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केले. त्यातून तयार झालेली पद्धत १८४७च्या संयुक्त अहवालात नियमबद्ध झाली. उत्पन्नाचे आकडे सांगोवांगी ठरवण्याऐवजी त्यांनी डोळ्यांना दिसेल आणि हाताने मोजता येईल अशा गोष्टी धरल्या. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहारीने खणून मातीची खोली हातांत मोजायची आणि पोत व रंग पाहून तीनपैकी एक प्रकार ठरवायचा. बारीक, एकसारख्या पोताची काळी ते गडद तपकिरी माती हा पहिला प्रकार. त्याहून भरड, बहुधा तांबूस असलेली दुसरा. आणि खडेमिश्रित, भुसभुशीत, फिकी तिसरा.

पहिल्या प्रकारची माती पावणेदोन हात, म्हणजे सुमारे ८० सेंटीमीटर खोल असेल तर ती सोळा आणे. खोली कमी होत जाईल तशी किंमत १४, १२, १०, ८ अशी उतरत शेवटी दोन आण्यांवर येई. एकूण वर्ग नऊ. शिवाय दोष वेगळे मोजले जात. मातीत चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, कणांना धरबंध नसणे, पाणी मुरू न देणारा थर, पुराच्या पाण्याने धुपण्याचा धोका आणि उपळ्याची ओल, असे सात दोष होते. प्रत्येक दोषामागे जमीन एक पायरी खाली घसरे.

हेतू साऱ्याचा होता, शेतकऱ्याला सल्ला देण्याचा नव्हता. तरीही आजचा मृदाशास्त्रज्ञ ही यादी वाचून मान डोलावेल, कारण खोली, पोत, चुनखडी, उतार, निचरा आणि धूप हेच निकष तो आजही तपासतो.

पीक कसे आले हे सांगणारी दुष्काळाच्या दिवसांतली आणेवारी किंवा पैसेवारी मात्र यापेक्षा वेगळी. ती त्या हंगामातल्या पिकाची असते, जमिनीची नव्हे.

खोली म्हणजे पाण्याची टाकी

सगळ्या निकषांत खोलीला एवढे महत्त्व का? महाराष्ट्रातली बहुतांश शेती पावसावर आहे आणि पाऊस मध्येच दडी मारतो. त्या काळात पीक जगते ते मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर. चांगली चिकणमाती एक सेंटीमीटर खोलीमागे ढोबळमानाने दीड ते दोन मिलिमीटर पाणी पिकाला देऊ शकते. मुरूम ३० सेंटीमीटरवर लागत असेल, तर ही साठवण ४५ ते ६० मिलिमीटर झाली. भर वाढीतले पीक दिवसाला चार ते पाच मिलिमीटर पाणी ओढते. म्हणजे हिशेब दहा ते पंधरा दिवसांचा. माती ९० सेंटीमीटर खोल असेल तर हाच साठा महिनाभर पुरतो.

शेजारशेजारच्या दोन शेतांत एकच कपाशी, एकच पेरणीची तारीख आणि एकच खत असूनही तीन आठवड्यांच्या खंडानंतर एक शेत तगते आणि दुसरे माना टाकते, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते. वरून दोन्ही शेते काळीच दिसतात.

मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी हे याच हिशेबाचे दुसरे टोक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेले हे पीक पुढे जवळजवळ पाऊस न पडताही येते, कारण खोल काळ्या रानाने पावसाळ्यातले पाणी पोटात साठवलेले असते. पण तेच रान जुलैच्या झडीत चिखलाचे होते, मुळांना हवा मिळत नाही आणि औत आत जात नाही. म्हणून जुन्या शेतकऱ्यांनी अशी राने खरिपात मोकळी ठेवली आणि हलक्या रानात बाजरी, मटकी, हुलगा घेतला. पुस्तक न वाचता केलेले हे वर्गीकरणच होते.

सरासरी नव्हे, सर्वांत मोठी उणीव

आज जगभर वापरली जाणारी एक पद्धत अमेरिकेत तयार झाली. १९३०च्या दशकात तिथल्या मैदानी प्रदेशात नांगरलेली माती वाऱ्याने उडून गेली, धुळीच्या वादळांनी गावे ओस पडली आणि १९३५मध्ये मृदासंधारणासाठी स्वतंत्र सरकारी यंत्रणा उभी राहिली. कोणती जमीन नांगरावी आणि कोणती नांगरू नये, हे ठरवण्याची गरज त्यातून आली. १९६१मध्ये या पद्धतीची पुस्तिका प्रसिद्ध झाली. भारतातही, नागपूरला मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन संस्थेसह, ही पद्धत रुळलेली आहे.

तिच्यात आठ वर्ग आहेत. पहिल्या वर्गाच्या जमिनीला फारशी मर्यादा नसते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्गात मर्यादा वाढत जातात, पिकांची निवड आकसते आणि बांधबंदिस्तीचा खर्च चढतो. पाचव्यापासून आठव्यापर्यंतच्या जमिनी नांगरासाठी नाहीत. त्या कुरण, वन आणि वन्यजीव यांच्यासाठी. वर्गाच्या आकड्यापुढे मर्यादेचे कारण सांगणारे अक्षरही येते. कारणे चार: धूप, पाणी साचणे, मुळांच्या थरातली अडचण आणि हवामान. त्यामुळे नुसते ‘तिसरा वर्ग’ न म्हणता ‘तिसरा वर्ग, धुपीमुळे’ असे कळते आणि उपाय कुठे करायचा तेही समजते.

यातला महत्त्वाचा नियम असा, की वर्ग सरासरीने ठरत नाही, सर्वांत मोठ्या उणिवेने ठरतो. कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ स्टोरी यांनी १९३३मध्ये मांडलेल्या निर्देशांकात हेच गणिताने दाखवले आहे. ते गुणांची बेरीज करत नाहीत, गुणाकार करतात. समजा, मातीच्या थरांना ९० टक्के, पोताला ८० टक्के, उताराला ९० टक्के आणि निचऱ्यासारख्या इतर बाबींना ४० टक्के मिळाले. सरासरी काढली तर ७५ येते आणि जमीन पहिल्या श्रेणीत पास होते. गुणाकार केला तर हाती उरतात जेमतेम २६. झाडाचा अनुभव या दुसऱ्या आकड्याशी जुळतो. वरची माती कितीही सुपीक असली, तरी मुळे पाण्यात गुदमरत असतील तर त्या सुपीकतेचा उपयोग नाही.

कातळावरचा हापूस, काळ्या रानातली संत्री

आठ वर्गांच्या या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. ती मुख्यतः नांगरटीच्या शेतीचा विचार करते. कोकणातला उताराचा, जांभ्या खडकाचा माळ तिच्या हिशेबात खालच्या वर्गात जातो. आपल्या जुन्या दप्तरातही तो ‘वरकस’ म्हणूनच गणला गेला. पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात याच कातळावर सुरुंगाने खड्डे घेऊन, त्यांत माती भरून हापूस आणि काजू उभे राहिले. पाणी झटकन निथळून जाणे हा भातासाठी दोष आहे, आंब्यासाठी गुण. रोजगार हमीशी जोडलेल्या राज्याच्या १९९०च्या फळबाग योजनेनेही हीच दिशा धरली. डाळिंब, बोर, सीताफळ अशी झाडे हलक्या रानात तग धरतात.

याउलट उदाहरण संत्र्याचे. नागपूर-अमरावती पट्ट्यात ज्या बागा मध्यम काळ्या, खाली मुरूम असलेल्या आणि निचऱ्याच्या जमिनीत आहेत, त्या टिकतात. फार भारी चिकणमातीत मुळे हवेअभावी सडतात. मातीत मोकळा चुना जास्त असेल तर लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, पाने शिरा सोडून पिवळी पडतात. म्हणून चुन्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असावे, असा सल्ला दिला जातो. गव्हा-हरभऱ्याला जे रान उत्तम, तेच संत्र्याला घातक ठरू शकते.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७६मध्ये वेगळी चौकट मांडली. तिच्यात जमिनीला एकच शिक्का मिळत नाही. प्रत्येक पिकासाठी ती अत्यंत योग्य, मध्यम योग्य, जेमतेम योग्य किंवा अयोग्य ठरते. अयोग्यतेतही दोन भाग आहेत: सध्या अयोग्य आणि कायम अयोग्य. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. नत्र, स्फुरद किंवा जस्त कमी असेल तर ते एका हंगामात भरून काढता येते. निचरा सुधारता येतो, पण खर्च करून. खडकाची खोली आणि मातीचा पोत मात्र जवळजवळ कायमचा असतो. पैसा कुठे घालायचा आणि कुठे पीकच बदलायचे, हे या यादीवरून ठरते.

वर्ग चढतो, उतरतोही

एकदा मिळालेला वर्ग कायम राहत नाही. कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात एके काळी सोन्यासारख्या मानल्या गेलेल्या उसाच्या जमिनींचे मोठे क्षेत्र क्षारपड झाले. भारी माती, मोकाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव, यांमुळे भूजलाची पातळी वर येते, पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि क्षार मागे राहतात. सोडियमचे प्रमाण वाढले की जमीन चोपण होते. ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणे आणि चोपण जमिनीत जिप्समचा वापर करणे, हे उपाय आहेत, पण खर्चिक आहेत आणि शेजाऱ्यांनी मिळून करावे लागतात. एकट्याच्या शेतातले पाणी काढायचे तर ते पुढे न्यायला नाला हवा.

धूप हळूहळू वर्ग घसरवते. १९८३मध्ये भारतीय संशोधकांनी देशाची सरासरी धूप हेक्टरी वर्षाला सुमारे १६ टन काढली होती. मातीच्या थरात हा हिशेब सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो. डोळ्यांना जाणवणार नाही इतका. पण ३० सेंटीमीटरच्या रानातून याच वेगाने ५० वर्षांत सहा सेंटीमीटर माती जाते, म्हणजे पाण्याच्या टाकीचा पाचवा हिस्सा. आजोबांच्या काळातली जमिनीची प्रत नातवाने गृहीत धरू नये, ती यासाठी.

वर्ग वाढवण्याचा आपल्याकडचा परिचित मार्ग म्हणजे तलावातला गाळ. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तो पसरवला जातो. उथळ, मुरमाड रानाला त्याचा खरोखर फायदा होतो. फक्त हिशेब आधी करावा. एका एकरावर दहा सेंटीमीटरचा थर द्यायचा तर सुमारे ४०० घनमीटर, म्हणजे जवळपास १४० ब्रास गाळ लागतो. आणि तो चुनखडीचा किंवा क्षारयुक्त नाही ना, हे तपासून घ्यावे. आधीच भारी असलेल्या रानात गाळ टाकणे म्हणजे निचऱ्याची अडचण वाढवणे.

‘पडीक’ या शब्दामागे

वर्गीकरणाचा एक चुकीचा वापरही होतो. नांगराला अयोग्य म्हणजे निरुपयोगी, असे समजून माळराने ‘पडीक’ ठरतात आणि कोणत्याही प्रकल्पासाठी सर्वांत आधी त्यांच्यावर बोट ठेवले जाते. खालच्या वर्गांचा अर्थ मात्र, इथे नांगर घालू नका, एवढाच आहे. धनगरांची मेंढरे याच माळांवर चरतात आणि सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक अशाच गवताळ रानाच्या आधाराने राहिला. जमिनीचा उपयोग ठरवताना तिथे आज कोण जगते आहे, हा प्रश्न मूल्यमापनाचाच भाग असायला हवा.

लागवडीआधी काय पाहावे

२०१५पासून मिळू लागलेली मृदा आरोग्य पत्रिका उपयोगी आहे. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा बारा बाबी तिच्यात असतात. पण हा नमुना वरच्या १५-२० सेंटीमीटरचा असतो आणि योजनेत तो जिरायतीत दहा हेक्टरांमागे, बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक असा घेतला गेला. खोली, निचरा, चुनखडी आणि उतार यांबद्दल ती गप्प आहे. राज्याचे मृदा नकाशे अडीच लाखास एक या प्रमाणावर तयार झाले. त्यांवर एक हेक्टरचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान होतो. दहा हजारास एक या प्रमाणाच्या नव्या नकाशांवर तोच तुकडा एक चौरस सेंटीमीटरचा दिसतो, म्हणून गावपातळीवर असे नकाशे होणे गरजेचे आहे. तोपर्यंत कुदळ आणि पहार हाताशी आहेतच.

फळबागेआधी किंवा जमीन घेण्याआधी शेतात दोन-तीन ठिकाणी, चढावर आणि उतारावर वेगवेगळे, मीटरभर खोल खड्डे घ्यावेत. मुरूम किंवा खडक किती खोलीवर लागतो ते मोजावे. जुन्या झाडांची मुळे कुठे थांबली आहेत ते पाहावे, कारण तिथेच अडचण असते. खालच्या थरात राखाडी छटा किंवा गंजासारखे ठिपके दिसले तर तिथे पाणी साचत असल्याची ती खूण. पांढरे खडे दिसले, किंवा मातीवर सौम्य आम्ल टाकल्यावर फेस आला, तर चुना आहे असे समजावे. खड्ड्यात पाणी भरून दुसऱ्या दिवशी किती उरले ते पाहावे. मग ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटीमीटर अशा तीन थरांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरून कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र किंवा जवळच्या प्रयोगशाळेत द्यावेत आणि चुनखडीचे प्रमाण आवर्जून मागावे.

या सगळ्याला दोन दिवसांची मजुरी आणि तपासणीची फी लागते. पाच वर्षे जोपासलेली बाग उपटण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सरकारने साऱ्यासाठी प्रत्येक शेतात पहार घातली होती. शेतकऱ्याच्या फायद्यासाठी तीच तपासणी पुन्हा करून खोली, उतार, निचरा आणि चुनखडी या चार नोंदी प्रत्येक गटासमोर आल्या, तर आकाराच्या रकान्यापेक्षा त्या कितीतरी कामाच्या ठरतील.